आधी गोळी, मग तपासणी

व्हायवॅक्स हिवतापाच्या रुग्णाला प्रायमाक्विन चौदा दिवस घ्यावे लागते. गोळ्या हाती देताना त्याला काय सांगायचे, हे राष्ट्रीय औषधोपचार धोरणात लिहिलेले आहे. लघवी काळपट झाली, डोळे पिवळे पडले, ओठ निळसर दिसू लागले, पोटात दुखले किंवा उलट्या झाल्या, तर गोळी ताबडतोब बंद करा आणि डॉक्टरांना गाठा. सूचना बरोबर आहे. प्रत्येक आशाताईने ती प्रत्येक रुग्णाला सांगितलीच पाहिजे. आक्षेप सूचनेला नाही, तिला दिलेल्या जागेला आहे. रक्ताची जी तपासणी गोळीच्या आधी व्हायला हवी, ती आपण करत नाही. तिच्या जागी ही सूचना उभी केली आहे.

काळपट लघवी म्हणजे काय, ते नीट समजून घेऊ. तांबड्या रक्तपेशी फुटलेल्या असतात. त्यांतले हिमोग्लोबिन रक्तद्रवात सांडलेले असते. ते मूत्रपिंडातून गळून लघवीत उतरते, तेव्हा रंग बदलतो. म्हणजे रुग्णाला जे दिसते ते आधीच घडून गेलेले असते. त्यातून त्याच्या शरीरातल्या एका एन्झाइमची कमतरता उघड होते. हा निदानाचाच एक प्रकार झाला. फक्त इथे परीक्षानळीचे काम रुग्णाच्या रक्तवाहिन्यांना दिलेले आहे.

त्या एन्झाइमचे नाव ग्लुकोज-६-फॉस्फेट डिहायड्रोजनेज, म्हणजे जी-६-पीडी. ओटो वॉरबुर्ग आणि वाल्टर क्रिस्टियान या जर्मन जीवरसायनशास्त्रज्ञांनी १९३१ साली रक्तपेशींत ते शोधले. पेशी साखर कशी वापरते, हा त्यांचा प्रश्न होता. औषध आणि आजार त्यांच्या डोळ्यांसमोर नव्हते. त्यांना दिसले की साखरेच्या मुख्य वाटेला एक आडवाट फुटते आणि तिच्या तोंडाशी हे एन्झाइम बसलेले आहे. त्या आडवाटेवर एनएडीपीएच नावाचा रेणू तयार होतो. तो ग्लुटाथायोनला कामाचे ठेवतो आणि ग्लुटाथायोन पेशीला ऑक्सिडीकरणाच्या माऱ्यापासून वाचवते.

इतर पेशींना एनएडीपीएच मिळवायचे आणखी मार्ग असतात. तांबड्या पेशीला नसतात. तिच्यात मायटोकॉन्ड्रिया नाहीत. केंद्रकही नाही, त्यामुळे नवे एन्झाइम बनवता येत नाही. अस्थिमज्जेतून निघताना मिळालेली शिदोरी तिला सुमारे १२० दिवस पुरवावी लागते. ज्यांच्या जनुकात दोष असतो त्यांची शिदोरी मुळातच कमी असते किंवा लवकर नासते. एरवी त्यांना काही जाणवत नाही. ते शेतात राबतात, नोकरी करतात, म्हातारे होतात. प्रायमाक्विन पोटात गेले की माऱ्याला सुरुवात होते. पेशी तो परतवू शकत नाही आणि फुटते.

हे सारे १९५६ पासून माहीत आहे, आणि ते कसे कळले हेही विसरता कामा नये. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात स्टेटव्हिल तुरुंग होता. १९४०च्या दशकापासून तिथल्या कैद्यांना डासांकरवी हिवताप देऊन त्यांच्यावर औषधे तपासली जात. प्रायमाक्विन दिल्यावर काही कृष्णवर्णीय कैद्यांचे रक्त झपाट्याने उतरू लागले. दोष औषधाचा की माणसाचा? रेमंड डर्न, अर्नेस्ट ब्यूटलर, आल्फ आल्व्हिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा पण नेमका प्रयोग केला. अशा माणसाच्या पेशींना किरणोत्सारी क्रोमियमची खूण करून त्या निरोगी माणसाला चढवल्या आणि प्रायमाक्विन दिले. खुणेच्या पेशी नष्ट झाल्या, यजमानाच्या टिकल्या. मग उलट करून पाहिले. निरोगी माणसाच्या पेशी दोष असलेल्याच्या शरीरात सुखरूप राहिल्या. दोष पेशीतच होता. १९५६ साली पॉल कार्सन आणि सहकाऱ्यांनी तो जी-६-पीडीच्या कमतरतेपर्यंत नेऊन भिडवला. वॉरबुर्गच्या एन्झाइमचे एका आजाराशी नाते जुळले. ज्यांच्या शरीरातून ते जुळले, त्यांना नकार देण्याची खरी मोकळीक नव्हती.

त्या ज्ञानाचे पुढे काय झाले, हा माझा प्रश्न आहे. आपण आज प्रौढ माणसाला रोज १५ मिलीग्रॅम याप्रमाणे चौदा दिवस प्रायमाक्विन देतो. ही मात्रा जुनी आहे. कोरियाच्या युद्धातून जहाजांनी परतणाऱ्या अमेरिकन सैनिकांना १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला ती सरसकट दिली गेली. तेव्हा तपासणी नव्हती, एन्झाइमच्या कमतरतेचा पत्ता लागायचा होता. तरीही ती बहुतेकांना सोसली. याचे एक कारण असे की कृष्णवर्णीय अमेरिकनांमध्ये आढळणारा दोष तुलनेने सौम्य असतो. त्यात म्हाताऱ्या पेशी फुटतात आणि ताज्या टिकतात. आठवडा-दहा दिवसांत रक्त आपोआप सावरू लागते, गोळी चालू असली तरी.

आपल्याकडचे सगळे दोष इतके सौम्य नाहीत. भूमध्य समुद्राच्या नावाने ओळखला जाणारा मेडिटरेनियन प्रकार भारतात अनेक समाजांत आहे. त्यात ताज्या पेशींतही एन्झाइम जेमतेमच असते, त्यामुळे आपोआप सावरण्याचा भरवसा धरता येत नाही. आदिवासी समाजांत प्रामुख्याने ओरिसा नावाचा प्रकार सापडतो. तिसऱ्या एका प्रकाराला तर आपल्या कल्याणचे नाव आहे. १९८४ साली एका कोळी कुटुंबात सापडलेला हा प्रकार आणि केरळच्या नावाने ओळखला जाणारा प्रकार एकाच बदलातून आलेले आहेत, हे १९९२ मध्ये सिद्ध झाले. देशातल्या वेगवेगळ्या समाजगटांत कमतरतेचे प्रमाण शून्यापासून २५ टक्क्यांच्याही पुढे आढळले आहे.

यातले काहीही मुंबईला नवे नाही. एल. डी. संघवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीलाच इथल्या लोकांमधली ही कमतरता नोंदवली होती. पारशी समाजातले तिचे प्रमाण तेव्हापासून अभ्यासकांना ठाऊक आहे. परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था आहे. तिने पुढची कित्येक दशके समाजामागून समाज तपासले. चंद्रपुरातही तिचे केंद्र आहे. म्हणजे ज्ञान आयात करायचे नाही. ते परळात आहे, चंद्रपुरात आहे. गडचिरोलीतल्या भामरागडच्या बाह्यरुग्ण विभागातल्या टेबलावर मात्र ते पोचलेले नाही.

धोरणात आणखी एक ओळ आहे. ज्यांना जी-६-पीडीची कमतरता असल्याचे माहीत आहे, त्यांना प्रायमाक्विन देऊ नये. वाचताना ही ओळ काळजीची वाटते. पण हे माहीत कोणाला असणार? ज्याची तपासणी झाली त्याला. आपल्या बहुतेक प्राथमिक आरोग्य केंद्रांत ही तपासणी होत नाही. एटापल्लीच्या पाड्यावरच्या शेतमजुराला आपल्या पेशींतल्या एन्झाइमची पातळी ठाऊक असावी, असे गृहीत धरून ही मनाई लिहिलेली आहे. ती कागदाला सांभाळते, त्या माणसाला नाही.

तपासणी अशक्य असती तर गोष्ट वेगळी. ब्यूटलर यांनीच १९६६ साली एक सोपी पद्धत दिली. रक्ताचा थेंब रसायनात मिसळायचा, गाळणकागदावर टिपायचा आणि अतिनील प्रकाशाखाली धरायचा. एन्झाइम काम करत असेल तर एनएडीपीएच तयार होते आणि डाग चमकतो. नसेल तर डाग अंधारा राहतो. तिच्या अडचणी खऱ्या होत्या. दिवा हवा, शीतपेटी हवी, हात बसलेला तंत्रज्ञ हवा.

स्त्रियांच्या बाबतीत एक अडचण त्याहून मोठी. हे जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. पुरुषाकडे एक्स एकच, त्यामुळे त्याच्यात कमतरता असते किंवा नसते. स्त्रीकडे दोन. एकाच जनुकात दोष असेल तर तिच्या रक्तात दोन्ही तऱ्हेच्या पेशी एकत्र फिरतात. अशा रक्ताचाही डाग चमकू शकतो. तिला निर्धोक ठरवून गोळ्या दिल्या जातात आणि तिच्या निम्म्या पेशी उघड्यावर पडतात. म्हणून एन्झाइम आहे की नाही एवढे विचारून भागत नाही, किती आहे ते मोजावे लागते.

तेही आता हातात मावणाऱ्या यंत्राने होते. बोटाच्या टोकाचे रक्त पट्टीवर घेतले की काही मिनिटांत आकडा मिळतो आणि सोबत हिमोग्लोबिनही कळते. डिसेंबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अशा पहिल्या यंत्राला पूर्वमान्यता दिली. पट्ट्या तीस अंशांखाली ठेवाव्या लागतात आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या उन्हाळ्यात हे अवघड आहे, असे सांगितले जाते. पण प्राथमिक आरोग्य केंद्रात लसींसाठी शीतयंत्र असते. गोवर-पोलिओची लस जिथपर्यंत थंड पोचते, तिथपर्यंत या पट्ट्याही पोचू शकतात. खर्चाचे म्हणाल, तर ही कमतरता जन्मजात आहे आणि आयुष्यभर बदलत नाही. एकदा मोजून कार्डावर लिहिले की ते काम संपले. नुकतेच रक्त फुटून गेले असेल, तर ताज्या पेशींमुळे आकडा फसवा येतो. तेवढ्यांचे पुन्हा मोजावे.

कमतरता निघाली म्हणजे उपचार बंद, असेही नाही. अशा रुग्णाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे पाऊण मिलीग्रॅम प्रायमाक्विन आठवड्यातून एकदा, असे आठ आठवडे देखरेखीखाली देता येते. जागतिक आरोग्य संघटनेनेच हा पर्याय दिलेला आहे. दोन गोळ्यांमध्ये सात दिवस जातात आणि तेवढ्यात रक्त भरून निघायला अवधी मिळतो. म्हणजे तपासणीने रुग्ण औषधाला मुकत नाही. त्याला कोणत्या वेळापत्रकाने औषध द्यायचे ते ठरते.

तपासणी नसल्याचा फटका फक्त कमतरता असलेल्यांना बसतो, असे कोणी समजू नये. व्हायवॅक्सचे परजीवी यकृतात सुप्त राहतात. रक्तातला ताप क्लोरोक्विनने उतरतो. यकृतातले मात्र आठवड्यांनी, महिन्यांनी पुन्हा उठतात. त्यांना मारणारी औषधे आजही प्रायमाक्विनच्याच कुळातली आहेत. रक्त फुटण्याची भीती असलेला डॉक्टर काय करतो? प्रायमाक्विन लिहितच नाही किंवा अर्धवट लिहितो. त्याला दोष देता येत नाही, कारण त्याच्या हाती आकडा नाही. मग ज्याला गोळी बिनधोक चालली असती, असा माणूसही दोन-तीन महिन्यांनी पुन्हा हुडहुडी भरून दारात येतो. मुंबईतला हिवताप बहुतांशी व्हायवॅक्सच आहे. बांधकामावरच्या मजुराचा बुडणारा रोज, लहान पोराचे दर तापागणिक उतरणारे रक्त, ही किंमतही न केलेल्या तपासणीचीच आहे. एकाला गोळी दिली म्हणून इजा, दुसऱ्याला दिली नाही म्हणून. दोघांचा निकाल त्याच एका थेंबात होता.

२०२७ पर्यंत देशातला स्थानिक हिवताप शून्यावर आणायचा आणि २०३० पर्यंत निर्मूलन करायचे, असे सरकारने ठरवले आहे. यकृतातला साठा संपवल्याखेरीज ते होणार नाही. साठा संपवायचा तर प्रायमाक्विन धाडसाने आणि पूर्ण द्यावे लागेल. ते धाडस डॉक्टरला आकड्यातून मिळते.

मला सर्वांत जास्त खटकते ते पुढचे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. आदिवासी भागातल्या चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची, असे तिचे लक्ष्य. काम मोठे आहे, आणि कित्येक वर्षे आधीच व्हायला हवे होते. आरोग्य कर्मचारी पाड्यापाड्यावर जातात, बोटाला सुई टोचतात, रक्ताचा थेंब घेतात, नाव लिहितात, कार्ड देतात. हाच भाग हिवतापाचा. याच समाजांत जी-६-पीडीची कमतरता. सिकलसेल आणि जी-६-पीडी हे दोन्ही दोष हिवतापाच्या प्रदेशांतच वाढले, कारण दोन्हींनी त्या आजारापासून थोडे संरक्षण दिले. निसर्गाने एकाच जमिनीत वाढवलेल्या या दोन गोष्टी खात्याने दोन कप्प्यांत टाकल्या. माणूस तोच, बोट तेच, सुई तीच. कार्डावर दुसऱ्या ओळीला मात्र जागा नाही.

ती ओळ केवळ हिवतापाच्या कामाची नाही. कुष्ठरोगाच्या बहुविध औषधोपचारात डॅप्सोन असते आणि तेही या माणसांच्या पेशी फोडू शकते. चंद्रपूर-गडचिरोलीत कुष्ठरोग संपलेला नाही. डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेल्या पेटीतले कपडे बाळंतघरात बाहेर निघतात. नॅप्थलीनच्या त्या वासाने कमतरता असलेल्या बाळाला तीव्र कावीळ होऊ शकते आणि ती मेंदूपर्यंत जाऊ शकते. घरातल्या कोणालाच कारण कळत नाही. कार्डावर एक ओळ असती, तर आजीला निदान सांगता आले असते की हे कपडे आधी धुवून उन्हात टाका.

आता टॅफेनोक्विनचा विचार करा. प्रायमाक्विनच्याच कुळातले हे नवे औषध. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ साली त्याला मान्यता दिली. चौदा दिवसांऐवजी ते एकदाच घ्यायचे. अर्धवट सुटणाऱ्या उपचारांवर यासारखा उपाय नाही. पण ते रक्तात आठवडेच्या आठवडे राहते, त्याची पातळी निम्म्यावर यायलाच साधारण दोन आठवडे लागतात. प्रायमाक्विन थांबवले की मारा थांबतो. टॅफेनोक्विन एकदा गिळले की थांबवण्यासारखे काही उरत नाही. लघवीकडे लक्ष ठेवा, ही सूचना तिथे रुग्णाच्या काहीच कामाची नाही. म्हणून एन्झाइम सामान्याच्या किमान ७० टक्के असल्याचे मोजल्याशिवाय ते देता येत नाही.

ब्राझीलने हे ओळखले. ॲमेझॉनच्या खोऱ्यात मनाउस आणि पोर्तो व्हेल्यो इथल्या साध्या आरोग्य केंद्रांत त्यांनी आधी पाहिले की तिथले कर्मचारी यंत्रावर एन्झाइम मोजून योग्य औषध देऊ शकतात का. देऊ शकतात असे दिसले. त्यानंतर २०२३ मध्ये टॅफेनोक्विन तिथल्या सार्वजनिक आरोग्यसेवेत घेतले गेले, सोबत मोजणीचे यंत्र. तिथेही नदीकाठच्या वस्त्या आहेत, उकाडा आहे, कमी शिकलेले कर्मचारी आहेत. गडचिरोलीपेक्षा तिथली अंतरे कमी नाहीत.

राज्याच्या आरोग्य खात्याला यासाठी दिल्लीची वाट पाहण्याचे कारण नाही. गडचिरोलीत हिवतापाची उपकेंद्रवार यादी तयार असते. चंद्रपूरच्या केंद्रात रक्तदोष ओळखणारी माणसे आहेत. येत्या पावसाळ्याआधी भामरागड, एटापल्ली, धानोरा इथल्या आरोग्य केंद्रांना यंत्रे आणि पट्ट्या द्याव्यात. सिकलसेलच्या कार्डावर जी-६-पीडीचा रकाना छापून घ्यावा. मुंबई महापालिकेने आपल्या दवाखान्यांत व्हायवॅक्सच्या प्रत्येक रुग्णाचे एन्झाइम पहिल्याच दिवशी मोजावे. क्लोरोक्विन त्याच दिवशी सुरू होतेच. प्रायमाक्विन आकडा हाती आल्यावर, हवे तर दुसऱ्या दिवशी, सुरू करता येते.